भाड्याच्या घरातील गीझर बिघडला, तर दुरुस्ती कोणाची? बेळगाव-निपाणीत राहणाऱ्या भाडेकरूंनी जाणून घ्यावे असे काही

गोव्यातून चोर्ला घाट चढून बेळगावात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या माणसाला पहिली नवलाई वाटते ती तेथील हवेची. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेले हे शहर ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणून ओळखले जाते. पावसाळा लांबतो, अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि मार्गशीर्ष-पौषात पहाटेचे नळाचे पाणी हाताला झोंबते. अशा दिवसांत खोलीतला गीझर बंद पडला, की केवळ अंघोळीचा प्रश्न उभा राहत नाही. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, मालकाने दाद दिली नाही तर काय करायचे, भाड्यातून पैसे वळते करता येतात का आणि अनामत रक्कम परत मिळताना हा खर्च आपल्या माथी मारला जाईल का, अशा अनेक शंका एकदम समोर येतात.

नेहरूनगर परिसरातील वैद्यकीय महाविद्यालये, उद्यमबागेतील व मच्छे येथील अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आणि शहरातील रुग्णालये यांमुळे गोव्यातील शेकडो कुटुंबांचा बेळगावातील भाड्याच्या घरांशी संबंध येतो. मुले तिकडे राहतात आणि करारावर सही मात्र अनेकदा गोव्यातील पालकांची असते. त्यामुळे या प्रश्नाची कायदेशीर आणि व्यावहारिक बाजू दोघांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

आधी बिघाड ओळखावा

वाद सुरू करण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे हे कळले पाहिजे, कारण जबाबदारी पुष्कळदा बिघाडाच्या स्वरूपावर ठरते. साठवणीच्या गीझरमध्ये पाणी तापवणारी कॉईल, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटने काम न केल्यास शेवटचा उपाय म्हणून वीज तोडणारा कटआऊट, दाब वाढल्यास पाणी सोडणारा व्हॉल्व्ह आणि टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा दांडा असे पाच मुख्य भाग असतात.

दिवा लागत नसेल तर प्रथम एमसीबी खाली पडला आहे का ते पाहावे. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, असे असेल तर कॉईल जळलेली किंवा कटआऊट पडलेला असण्याची शक्यता अधिक. पाणी उकळते आणि वीज आपोआप तुटत नाही, हे थर्मोस्टॅट अडकल्याचे लक्षण असून असा गीझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. व्हॉल्व्हमधून थेंब गळत असतील तर व्हॉल्व्ह बदलून भागते. टाकीच गळू लागली असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नसतो, नवा गीझर घ्यावा लागतो.

पाणी तापायला वेळ लागतो, ही तक्रार आकड्यांनी तपासता येते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.७ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटचा गीझर हे काम साधारण एकवीस मिनिटांत करतो. विजेचा दाब २३० व्होल्टवरून १८० पर्यंत उतरला, तर कॉईलची शक्ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते आणि त्याच पाण्याला पस्तीस मिनिटांच्या आसपास लागतात. अशा वेळी दोष गीझरचा नसून वीजपुरवठ्याचा असतो आणि तक्रार हेस्कॉमकडे करावी लागते.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल येथून पाणी येते. मात्र अनेक इमारतींत कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. ते जड असेल तर कॉईलवर क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉईल स्वतःच अतितप्त होते आणि शेवटी जळते. भाडेकरूने काहीही चुकीचे न करता होणारी ही झीज आहे. याउलट दोन किलोवॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढत असताना तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावला आणि वायरिंग जळाले, तर दोष लावणाऱ्याचा ठरतो. गीझरला सोळा अँपिअरचा पॉवर प्लग, स्वतंत्र जाड वायर आणि चालू अवस्थेतील अर्थिंग हवेच. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर मुख्य स्विच बंद करून त्याच दिवशी वायरमन बोलवावा. ही बाब मालकाच्या सवडीवर सोडण्यासारखी नाही.

गीझर बंद असताना विद्यार्थी सर्रास बादलीत रॉड सोडतात. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहणे किंवा लोखंडी बादली वापरणे जिवावर बेतू शकते. तात्पुरती सोय म्हणून रॉड वापरायचाच असेल तर तो आयएसआय चिन्हाचा असावा, प्लास्टिकच्या बादलीत सोडावा आणि प्लग काढल्यानंतरच पाण्याला हात लावावा.

गॅस गीझर: दुरुस्तीपेक्षा जागेचा प्रश्न

बेळगाव, निपाणीतील अनेक जुन्या घरांत तांब्याच्या बंबाची जागा गॅस गीझरने घेतली आहे. बंबाला धूर बाहेर नेणारे नळकांडे होते आणि न्हाणीघर बहुधा परसात, मोकळ्या हवेत असे. गॅस गीझर मात्र फ्लॅटच्या चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये बसवला जातो. हवा अपुरी पडली की गॅसचे ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके जड होणे, मळमळ, पायांतील बळ जाणे ही लक्षणे जाणवेपर्यंत कडी काढण्याइतकीही शक्ती अनेकदा उरत नाही. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी केल्या असून या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावही मिळाले आहे.

गॅस गीझर व सिलिंडर दोन्ही बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावेत आणि आत केवळ गरम पाण्याची नळी यावी. गीझर बाथरूममध्येच बसवलेला असेल तर तो ‘चालू’ असला तरी सदोष समजावा आणि हलवून घेण्याची मागणी घर घेतानाच करावी. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, तर बर्नर साफ होईपर्यंत तो वापरू नये. गॅस गीझर वापरणाऱ्या घरात कोणी बाथरूममध्ये बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांना गॅस गीझरचा उल्लेख आवर्जून करावा, म्हणजे उपचारांची दिशा लवकर ठरते.

कायदा काय सांगतो?

भाड्याच्या घराला ते जेथे उभे आहे तेथील कायदा लागू होतो. भाडेकरू गोव्याचा असला किंवा करार पणजीत बसून केला असला, तरी घर बेळगावात असेल तर कर्नाटकातील व्यवस्था पाहावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. त्यापूर्वी येथे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, पुढे म्हैसूर राज्याचा १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ डिसेंबर २००१ पासून त्याची जागा ‘कर्नाटक भाडे कायदा, १९९९’ने घेतली.

मात्र या कायद्याचे संरक्षण सर्वांना मिळत नाही. क्षेत्रानुसार दरमहा ३,५०० किंवा २,००० रुपयांहून अधिक भाडे असलेली घरे त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. आजचे भाडे पाहता शहरातील बहुतेक फ्लॅट आपोआप बाहेर पडतात. अशा घरांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि उभयतांमधील करार लागू होतो. हा केंद्रीय कायदा गोव्यातही लागू असल्याने पुढील मुद्दे गोव्यातील वाचकांनाही उपयोगी आहेत.

या कायद्याच्या कलम १०८ मध्ये मालक व भाडेकरू यांची कर्तव्ये दिली आहेत. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो किंवा अन्य मार्गाने वसूल करू शकतो. वरवर पाहता हे भाडेकरूच्या बाजूचे वाटते. परंतु सारा भर ‘बांधील आहे’ या शब्दांवर आहे. प्रत्येक दुरुस्ती मालकानेच करावी, असे हे कलम म्हणत नाही. बांधिलकी करारातून किंवा स्थानिक रिवाजातून यावी लागते. ‘घरातील गीझर, पंखे व मोटर यांची दुरुस्ती मालक करील’ हे वाक्य करारात असेल तर हक्क भक्कम होतो. करार त्याबाबत मुका असेल तर वादाला जागा राहते.

दुसऱ्या बाजूने, घर ताब्यात घेताना ज्या स्थितीत होते त्या स्थितीत ते परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. त्याला नैसर्गिक झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती यांचा अपवाद आहे. आठ-दहा वर्षे जुन्या गीझरची टाकी गळणे किंवा क्षारांनी कॉईल जाणे हे झिजेतच मोडते. घर सोडताना अशा गीझरची नव्याची किंमत अनामतीतून कापली जात असेल तर भाडेकरूने याच तरतुदीकडे बोट दाखवावे.

आदर्श कायद्यातील गीझर

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. हा केवळ नमुना असून ज्या राज्यांनी त्याआधारे आपला कायदा केला तेथेच तो बंधनकारक होतो. तरीही तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यातील परिशिष्टात दुरुस्तीची वाटणी वस्तुनिहाय केली आहे. इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती, रंगरंगोटी, पाण्याचे पाईप बदलणे आणि घराच्या वायरिंगची कामे मालकाकडे आहेत. नळाचे वॉशर, गटारसफाई, स्विच-सॉकेट, काचा यांच्या दुरुस्तीबरोबर ‘गीझरची दुरुस्ती’ स्पष्ट शब्दांत भाडेकरूकडे सोपवली आहे. अर्थात करारात वेगळे ठरले असेल तर ते चालते.

अनेक भाडेकरूंना हे अनपेक्षित वाटेल. पण त्यामागचा विचार सरळ आहे. रोज वापरण्याच्या वस्तूची किरकोळ देखभाल वापरणाऱ्याने करावी आणि घराच्या अंगभूत भागांची जबाबदारी मालकाने घ्यावी. वॉशर, व्हॉल्व्ह किंवा कॉईल बदलणे आणि टाकी फुटल्यावर संपूर्ण गीझर नवा घेणे यांत फरक आहे. करार मुका असेल तेथे ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची, नवी वस्तू मालकाची’ ही तडजोड दोन्ही पक्षांना पटण्यासारखी आहे. नवा गीझर मालकाच्या मालकीचाच राहणार असल्याने त्याचा खर्च भाडेकरूवर टाकणे न्याय्य ठरत नाही.

कोगनोळी नाक्यापलीकडे नियम बदलतात

निपाणीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. देवचंद महाविद्यालय निपाणीचे म्हणून ओळखले जात असले, तरी ते ज्या अर्जुननगरात आहे ते कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात मोडते. विद्यार्थी महाराष्ट्रात तास करतो आणि खोली निपाणी शहरात असेल तर राहतो कर्नाटकात. त्याच्या खोलीला कर्नाटकातील नियम लागू होतात. त्याचाच वर्गमित्र अर्जुननगरात किंवा कोगनोळी नाका ओलांडून कागलमध्ये राहत असेल, तर त्याला ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९’ पाहावा लागतो.

महाराष्ट्राच्या या कायद्यात घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून नोंदले आहे. लेखी सूचना दिल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. घराला कायम जोडलेल्या सोयींचा समावेशही ‘जागे’च्या व्याख्येत आहे. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की महाराष्ट्रात बहुतेक नवे करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचे असतात. अशा करारातील व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते, म्हणून तेथेही करारातील शब्दच निर्णायक ठरतात. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी तेथे मालकावर आहे.

तक्रार कशी करावी?

गीझर बिघडल्याचे मालकाला तोंडी सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याच दिवशी मोबाईलवर लेखी संदेश पाठवावा आणि सोबत छायाचित्र जोडावे. संदेश साधा असावा: ‘नमस्कार काका, कालपासून बाथरूममधील गीझरच्या टाकीतून पाणी गळत आहे. आम्ही त्याचा स्विच बंद ठेवला आहे. फोटो जोडले आहेत. येत्या सात दिवसांत दुरुस्तीची व्यवस्था करावी, ही विनंती. आपण सांगाल त्या वेळी घरी कोणीतरी थांबेल.’ या चार ओळींत बिघाडाचे स्वरूप, तारीख, मुदत आणि सहकार्याची तयारी या सर्व गोष्टी येतात. पुढे वाद उद्भवलाच तर हाच पुरावा उपयोगी पडतो.

उत्तर आले नाही तर मेकॅनिककडून बिघाडाचे कारण आणि अंदाजे खर्च कागदावर लिहून घ्यावा आणि तो मालकाला पाठवून संमती मागावी. ‘तुम्ही करून घ्या, भाड्यातून वळते करा’ असा एका ओळीचा होकार आला, तरी तो जपून ठेवावा. दुरुस्तीची पक्की पावती घ्यावी आणि जुना सुटा भाग फेकू नये. कंपनीची हमी शिल्लक आहे का, हेही पाहावे. अनेक गीझरांच्या टाकीची हमी इतर भागांपेक्षा दीर्घ मुदतीची असते आणि मालकाकडील बिल मिळाले तर खर्चच टळतो. हमी असूनही कंपनी किंवा दुरुस्ती केंद्र दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. रागाच्या भरात संपूर्ण भाडे थांबवू नये. हिशेब नसलेली थकबाकी भाडेकरूची बाजू कमकुवत करते आणि घर रिकामे करून घेण्यास मालकाला निमित्त मिळते. वळती केलेली रक्कम, तिची पावती आणि उरलेले भाडे एकाच दिवशी कळवून बँकेमार्फत भरावे. कर्नाटकात मोठी रक्कम एकदम देऊन दरमहा भाडे न भरण्याची ‘लीज’ पद्धतही आहे. अशा घरात वळते करायला भाडेच नसते. त्यामुळे तेथे दुरुस्तीचे कलम करारात असणे दुप्पट महत्त्वाचे.

पीजीमध्ये राहणाऱ्यांची स्थिती वेगळी असते. तेथे जेवण, साफसफाई, गरम पाणी अशा सेवांसाठी एकत्रित पैसे घेतले जातात. गीझरची देखभाल ही चालकाची जबाबदारी असून सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक कायद्याचा आधार घेण्यास वाव राहतो. साध्या भाडेकराराचा वाद मात्र सामान्यतः दिवाणी स्वरूपाचा असतो. काही हजार रुपयांसाठी न्यायालयात जाणे परवडत नाही, अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी अर्ज करता येतो. त्यांची राष्ट्रीय हेल्पलाईन १५१०० आहे. कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते.

विजेच्या बिलाचाही विचार

कर्नाटकातील ‘गृहज्योती’ योजनेचा लाभ भाडेकरूंनाही घेता येतो. मात्र मोफत विजेची मर्यादा मागील सरासरी वापरावर ठरते आणि महिन्याचा वापर २०० युनिटांपलीकडे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. दोन किलोवॅटचा गीझर रोज एक तास चालला तरी महिन्याला ६० युनिटे होतात. थर्मोस्टॅट बिघडून वीज तुटेनाशी झाली, तर हा आकडा पाहता पाहता दुप्पट होऊ शकतो. म्हणजे तीन-चारशे रुपयांच्या भागाची दुरुस्ती लांबवणे हे महिन्याच्या सवलतीवर पाणी सोडण्यासारखे आहे. घर बदलताना जुन्या मीटरच्या आरआर क्रमांकाशी जोडलेले आधार काढून नव्या घराच्या क्रमांकाशी जोडायलाही विसरू नये.

करार करतानाच काळजी

वर्षभराचा मनस्ताप टाळण्याची वेळ किल्ली हाती घेण्यापूर्वीची असते. घर पाहायला जाताना गीझर सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि पाणी खरोखर तापते का ते पाहावे. गीझरचे नाव, क्षमता, अंदाजे वय आणि आयएसआय चिन्ह यांची नोंद वस्तूंच्या यादीत करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. बेळगावात करार बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. भाषा समजत नसेल तर सही करण्यापूर्वी तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी’ असे छापील वाक्य असेल तर ते तसेच सोडू नये. त्याऐवजी ‘ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरू करील, त्यावरील दुरुस्ती व वस्तू बदलणे मालकाकडे राहील, कळवल्यापासून सात दिवसांत ते न झाल्यास भाडेकरू पावतीसह खर्च भाड्यातून वळता करील’ असे कलम घालण्याचा आग्रह धरावा. रकमेचा आकडा दोघांनी बसून ठरवावा.

बेळगाव आणि निपाणीतील बहुतेक घरमालक भाडेकरूंशी कुटुंबीयांप्रमाणेच वागतात आणि सकाळी पाणी तापले नाही तर एखादी बादली वरच्या मजल्यावरून खालीही येते. हा जिव्हाळा टिकावा यासाठीच दोन ओळींचा लेखी करार उपयोगी पडतो. पैशाचे बोलणे आधी झाले असले, की बिघाडाच्या दिवशी केवळ मेकॅनिकला फोन करायचा उरतो.